गोल झालेला बोल्ट

संघटनेच्या जुन्या जीपखाली सुशीलाताई आडव्या झाल्या होत्या. इंजिनातलं तेल बदलल्याशिवाय जीप घाट चढणार नव्हती, आणि उद्या वरच्या पाड्यावर बाया पाण्याच्या सभेसाठी जमणार होत्या. पण तेल सोडायच्या बोल्टचं डोकं झिजून गोल झालेलं. पाना नुसताच फिरत होता.

"दौऱ्याआधी जो तो खाली शिरतो नि एक पीळ जास्त देतो," ताई खालूनच ओरडल्या. "काय रे, क्रांती इथून गळते की काय?"

जीपभोवती उभे आम्ही कार्यकर्ते हसलो. गाडी वाटेत बंद पडू नये, कुणी रानात अडकू नये, एवढंच प्रत्येकाच्या मनात असायचं. पत्रकं वाचत वाढलेलो आम्ही. काळजीसुद्धा मूठ आवळूनच करतो.

ताईंनी पान्याचं किंचित लहान, वाटीसारखं सॉकेट हातोडीनं ठोकून त्या डोक्यावर बसवलं आणि रेटा दिला. कर्रकन आवाज करत बोल्ट सुटला. काळं तेल घमेल्यात पडू लागलं आणि माझं मन भरून आलं. इतक्या जणांनी एकमेकांसाठी तो बोल्ट आवळला होता.

नवा बोल्ट ताईंनी बेतानं बसवला. मी पाना घ्यायला हात पुढे केला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "पाड्यावर फोन कर. येतोय म्हणावं."