हान्डॉर्फच्या अंगणातलं पुण्यानुमोदन

चमत्कार वगैरे आमच्या घरात कुणी मानत नाही. बाबांनी ते खपवूनच घेतलं नसतं. आम्ही बौद्ध, जे झालं ते का झालं, हे विचारायची सवय लहानपणापासूनची. पण त्या दिवसांत मला या सवयीचाच राग यायला लागला होता. बाबा पिंपरीत कोविडनं गेले आणि आई इथे ॲडलेडला माझ्याकडे अडकलेली. नातीला बघायला म्हणून आली, सीमा बंद झाल्या आणि वर्ष उलटलं. बाबांचं शेवटचं दर्शनसुद्धा तिला मिळालं नाही. त्यानंतर ती बोलेनाशीच झाली. रोजची वंदनाही सोडली. तिच्याऐवजी मी मेणबत्ती लावायचे आणि मनात म्हणायचे, शरण जायचं ते कुणाला, ऐकतंय कोण?

रविवारी झूमवर बाबांचं पुण्यानुमोदन होतं. निदान तेवढा निरोप तरी तिला घेता यावा, एवढंच मला हवं होतं. पिंपरीहून दादानं आठवडाभर आधीच कळवलं होतं, "इकडचे अकरा." म्हणजे आपले चार, मी हिशेब करून मोकळी झाले. त्या सकाळी आई पांढरी साडी मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिली. नवरा म्हणाला, "चारपर्यंत अशाच बसतील त्या. चल, हान्डॉर्फला जाऊन वेळेत परत येऊ." हान्डॉर्फ म्हणजे डोंगरातलं जुनं जर्मन गाव. तिथल्या लाकडी चौकटींच्या घरांचं बाबांना व्हिडिओ कॉलवर भारी कौतुक असायचं. आई उठून गाडीत बसली.

ईस्टरचा रविवार, त्यामुळे गर्दी मरणाची. लेकीला सॉसेज हवं, नवऱ्याला बेकरी. आई एका कुंपणाजवळच्या बाकावर टेकली. आता निघायचंच होतं, तेवढ्यात दादाचा फोन. "अगं, आहात कुठे? भंतेजी येऊन बसलेत." मी फोनवर बघितलं, तीनच वाजत होते. त्याच पहाटे इथली घड्याळं तासभर मागे गेली होती. फोननं आपली वेळ गुपचूप बदलली, पण तिकडचे अकरा म्हणजे आता आपले तीन, हे माझ्या लक्षातच आलं नाही; डोक्यात धरलेले चार तसेच राहिले. ऑफिसात दरवर्षी सगळ्यांना याची आठवण करून देते मी, शहाणी! आईला सांगितलं, तर एवढ्या दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली. "मग तेही राहिलं," म्हणाली.

मी तिथेच रडायला लागले. कुंपणापलीकडे एक म्हातारी गुलाब छाटत होती. काय झालं, तिनं विचारलं. मी कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, तिची बहीण पर्थला वारली तेव्हा राज्यांच्या सीमा बंद, तिलाही जाता आलं नव्हतं. स्वयंपाकघरात एकटीनं स्क्रीनवर सगळं बघितलं. "कम इन, लव्ह," म्हणत तिनं फाटक उघडलं. अंगणातल्या टेबलावर पांढरा कपडा अंथरला, घरातून मेणबत्ती आणली, फोन टेकवायला पाण्याचा जग ठेवला आणि लांब दाराशी जाऊन उभी राहिली.

त्रिशरण सुरू झालं आणि शेजारून आईचा आवाज आला. घोगरा, पण एकही शब्द न चुकता. मग स्क्रीनवरच्या बाबांच्या फोटोला ती म्हणाली, "मला येता नाही आलं हो." लेक घाबरून म्हणाली, "आजी, आर यू ओके?" आईनं तिला जवळ ओढलं. "हो गं. हात जोड बघू."

शेवटी गेलेल्याच्या नावानं पुण्य अर्पण करतात. भंतेजींनी बाबांचं नाव घेतलं. आई डोळे पुसून मला म्हणाली, "त्या बाईंच्या बहिणीचं नाव विचार."

एल्सा. बाबांच्या नावामागोमाग आईनं ते मोठ्यानं घेतलं, तेव्हा दाराशी उभी असलेली ती बाई खाली पायरीवरच बसली.

त्या म्हातारीला कुणी पाठवलं, या वादात मी पडत नाही. बाबा हसले असते. पण शरण जाणं मला त्या परक्या अंगणात कळलं. आपलं चुकलेलं असतं, हातात काही उरलेलं नसतं, आणि कुणीतरी आत या म्हणतं. तेव्हा आत जायचं. मी त्या माउलीची जन्मभर ऋणी आहे. आई आता रोज वंदना करते, आणि बाबांबरोबर एल्सालाही तिचा वाटा देते.