हेडी कोण, ते दसऱ्याला येऊन सांगा

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आज दुपारी विजयनगरात आमच्या घरी शेजारी टीव्हीवरची युद्धमालिका बघायला जमले होते. त्यात दोन मेजर, बढतीसाठी एकमेकांचे वैरी. एक धुक्यातच टेकडीवर चढाई करतो. दुसरा म्हणतो, तोफांची मदत आल्याशिवाय माझी पोरं हलणार नाहीत.

समोरचे अंकल हसले. "हेडी!" म्हणजे कन्नडात भित्रा.

आमचे हे निवृत्त मेजर. तेही एकदा असेच थांबले होते, आणि बढती दुसऱ्याला मिळाली.

मी टीव्हीच बंद केला. "अंकल, कोणाच्या घरात बसलाय ते बघून बोला."

"अय्यो, सीरियल आहे हो ती!"

"तुमच्यासाठी."

त्या दिवशी यांनी थांबवलेले जवान दरवर्षी दसऱ्याला इथल्या बन्नीमंटप मैदानावरची मशाल परेड बघायला बायकापोरांसकट आमच्याकडेच उतरतात. हॉलमध्ये गाद्या पुरत नाहीत.

यंदा अंकलना मुद्दाम बोलावलंय. तो शब्द त्या बायकांसमोर म्हणून दाखवायचा. तुमच्यापैकी अजून कोणाला म्हणायचाय?