टिकटिक्याचा झरा

बेडकायमागं फिरणाऱ्याले बेडूक सापडो न सापडो, किस्से सापडतातच. आम्ही तिघं संग्रामपूरच्या वरतं सातपुड्यात भटकतो: कॉलेजातल्या नलिनी मॅडम, आवाज रेकॉर्ड करणारा माधव अन् मी. शोधतो काय, तं टिकटिक्या! नखाएवढा बेडूक. एकाच झऱ्यावर राहते, दुसरीकडं कुठंच नाही.

*

पायथ्याच्या गावात गंगूमावशीनं विचारलं, "काय धुंडून राह्यले?"

म्हटलं, "बेडूक."

"खाता का?"

"नाही मावशी, ऐकतो."

मावशीनं पोरायले घरात घेतलं अन् आतून कडी लावली!

*

बेडूक बोलत नसला की आम्ही त्याचाच जुना आवाज स्पीकरवर लावतो, मंग तो उत्तर देते. एकदा धुक्यात मॅडम टेकडीच्या अलीकडं, मी पलीकडं. दिवसभर उत्तरं आली. काय खुशी! संध्याकाळी समजलं, आम्ही एकमेकायच्या स्पीकरलेच उत्तर देऊन राह्यलो होतो. मधातल्या झऱ्यावर पुरी सामसूम. हसता हसता अंगावर काटा आला.

*

देऊळगाव राजाले लग्नात माधव भरल्या ताटावरून उठला. "टिकटिक्या!" अन् घुसला टेबलाखाली. पाहते तं नवरीची आजी अडकित्त्यानं सुपारी कातरून राह्यली! आजी म्हणे, "हा आपल्याकडला की त्यायच्याकडला?"

*

यंदा मात्र हसू आलं नाही. झऱ्यावर बंधारा ठरला. बंधाऱ्याचे साहेब म्हणे, "बेडूक जिवंत असन तं यंदाचा आवाज आणा, काम थांबवतो." पावसाळा सरत आला, टिकटिक्या बोललाच नाही. मॅडमचं जेवणातही लक्ष नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी झऱ्यावर दुपारीच धुकं उतरलं. चूप बसलो. अन् आला! टिक-टिक, टिक-टिक. मॅडमच्या डोळ्यात पाणी. माधवनं माइक धरला, अन् वरतं पाहून थिजला.

फांदीवर भृंगराज होता, नकला करणारं पाखरू. चोच उघडे अन् टिकटिक्या बोले.

मॅडम मटकन बसल्या. "गेला रे बेडूक. आवाज तेवढा या पाखराजवळ उरला."

भृंगराज उडून गेला.

टिक-टिक चालूच होती. समोरच्या दगडाखालून.

मॅडमनं दगड उलटवला. खाली ओली रेती, बाकी काहीच नाही. आवाज तिथूनच येत होता.

"माइक बंद करू नको," मॅडम हळूच बोलल्या.

माधवचं तोंड पांढरंफटक. "मॅडम, साहेबानं विचारलं आवाज कोणाचा, तं काय सांगू?"