दाखवायचं जातं

“ते पीठ गुरांना घाला. भाकरीला गिरणीतलं आणा.”

बाई हे बोलल्या तेव्हा मी आणि माझी आई जात्याच्या दोन बाजूंना बसलो होतो. खुंटा दोघींच्या हातात. बाईंनी आवाजसुद्धा खाली केला नाही. कशाला करतील? आम्ही त्यांच्या लेखी जात्याचाच भाग.

बहात्तर सालचा आश्विन. पाऊस झालाच नव्हता. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींचे तळ उघडे पडलेले. आम्ही मायलेकी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. आणि तिकडं नगरला मोठ्या घरच्या लोकांनी जुन्या कारागिरीचा, लोकगीतांचा उत्सव भरवला होता. मैदानात कुडाचं खोटं खेडं उभं केलेलं. एका झोपडीत कुंभाराचं चाक, दुसरीत घोंगडी विणणारा, पलीकडं सनई-संबळ. त्यांना जात्यावर ओव्या म्हणणारी बाई पाहिजे होती. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी आईचं नाव कळवलं. गुरुजींनी गळा कळवला. जात कळवली नाही.

आई लई खुशीत होती. एकच धड लुगडं होतं, ते नेसली. एस.टी.त बसल्यापासून ओठातल्या ओठात ओव्या जुळवत होती.

सकाळी आमच्या पुढ्यात ज्वारी ठेवली. पांढरीशुभ्र, टपोरी. आमच्या घरात रेशनचा लाल मिलो, परदेशातनं आलेली जाडीभरडी ज्वारी, शिजत होता. ताज्या पिठाचा वास आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ह्याच पिठाच्या भाकरी शेजारच्या चुलीवर थापून पाहुण्यांना द्यायच्या, असं ठरलेलं. लोक येत होते, वाकून बघत होते. एका बाईनं लेकराला दाखवलं, “बघ, असं असतं जातं.”

आईनं सूर लावला. ओवी तिची स्वतःची, मी सातवी पास झाले तेव्हा जुळवलेली.

“लेक माझी गं वाचिती, चावडीवरला कागद
पाटील ऐकितो उभा, त्याला फुटंना सबद.”

तेवढ्यात बाई आल्या. उत्सव त्यांच्याच देखरेखीखाली होता. बसल्या, चिमूटभर पीठ उचललं, बोटांत चोळून बघितलं. “छान बारीक आहे हो. आवाजही गोड. पण हे असलं नको. सीतेचं म्हणा, विठ्ठलाचं म्हणा. कुणाच्या तुम्ही?”

“बौद्ध हाय आमी,” आई म्हणाली.

“म्हणजे आधीचे कोण?”

मी म्हणाले, “आधीचं काय न्हाई. बौद्ध.”

बाईंनी कमरेचा रुमाल काढला. बोटं पुसली. एकेक बोट. मग चुलीवरच्या बाईला हाक मारून ते वाक्य बोलल्या. आणि आमच्याकडं वळून हसल्या. “तुम्ही ओढत राहा हं. लोकांना बघायला हवं ना.”

गड्यानं पीठ घमेल्यात भरलं. तिथं रंगवलेल्या शिंगांचे दोन बैल सजवलेल्या गाडीला बांधले होते. त्यांच्यापुढं घमेलं ठेवलं. बैलानं तोंड घातलं. नाकपुड्या पांढऱ्या झाल्या. गावाकडं माणसं अंबाडीचा पाला उकडून खात होती. आई बघत राहिली.

“वढ, पोरी,” ती हळूच म्हणाली. “हितं आपलं कोण हाय?”

दुपारी मोठे साहेब आले. कुठल्यातरी खात्याचे. गळ्यात हार, मागं माणसं. बाईंनी पत्रावळीवर भाकरी दिली. “ह्या जात्यावरच्याच पिठाची, साहेब. अगदी अस्सल.”

साहेबांनी तुकडा तोंडात घातला.

मी खुंटा सोडला. उठून उभी राहिले. 

“खोटं हाय, साहेब. ती भाकर गिरणीच्या पिठाची हाय. आमचं पीठ बैलाला घातलं. आमी बौद्ध, म्हनून.”

वाटलं, आता काहीतरी होईल. साहेबांनी घास गिळला. बाईंकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, “बरं, पुढं काय आहे?”

आणि गेले. सगळे गेले. सनई वाजतच होती.

बाई तेवढ्या मागं राहिल्या. “चांगलं करायला जावं, तर ही लायकी. उठा. निघा इथनं.”

स्टँडवर आई माझ्याशी बोलली नाही. एस.टी. लागली तेव्हा एवढंच म्हणाली, “आता गुरुजीला तरास दितील.” तिचा राग माझ्यावर होता. माझा कुणावर होता ते मला पुरतं कळलं होतं.

त्यानंतर आई कितीतरी महिने गायली नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून एक प्राध्यापक जीपमधून आले. टेपरेकॉर्डर घेऊन. त्यांना ओव्या जमा करायच्या होत्या. माणूस बोलायला मऊ होता. आईनं घोंगडी अंथरली. मी तव्यावरची भाकरी ताटात घेतली, वर कांदा-मिरची ठेवली आणि ताट पुढं केलं.

“आधी जेवा.”

“नको, नको. डबा आणलाय आम्ही. फक्त ओव्या द्या.”

“पानी तरी घ्या,” आई म्हणाली.

“तेही आहे बरोबर.”

मी तोंड उघडणार, एवढ्यात आई उठली. घोंगडीचं टोक हातात धरलं.

“उठा, दादा. जेवन न्हाई, तर गानं न्हाई.”

त्यांनी यंत्र उचललं. जीप गेली.

आमच्या दारात तेव्हापासून हाच कायदा. आमच्या हातचं ज्याच्या घशाखाली उतरत नाही, त्याच्या कानावर आमचा गळा पडणार नाही. तो साहेब असो, विद्वान असो, नाहीतर आमचं भलं करायला निघालेला कुणी असो. ओव्या आमच्याबरोबर मातीत गेल्या तरी चालतील. फुकट बघायला ठेवणार नाही.