अकरावं घर

वीस वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सोमवारी, भवानी पेठेतल्या डिझाइनवाल्या मामांनी भूमध्य समुद्राकाठच्या एका गावात एक घर वाढवलं. मामा त्या गावाला कधी गेलेले नाहीत. समुद्रही त्यांनी पाहिलेला नाही.

मामा माझे शेजारी. तेव्हा ते टॉवेलच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर विणायची चित्रं काढत. त्या गावातल्या दुकानांसाठी टॉवेलची ऑर्डर आली, सोबत गावाचा फोटो आणि माहितीपत्रक. फोटोत किनाऱ्यावर दहा घरं होती. टॉवेलच्या पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, गाव चार बोटं कमी पडलं. मामांनी चर्च आणि बेकरी यांच्यामधला बोळ रुंद करून तिथे एक गुलाबी घर बसवलं. टॉवेल पसंत पडले आणि दरवर्षी जात राहिले.

माहितीपत्रक मामांनी कॉलेजातल्या एका सरांकडून मराठीत करून घेतलं आणि पाठ केलं. रस्त्यावरचं डांबर वितळत असताना ते कट्ट्यावर त्या गावाचा इतिहास सांगत, "आपल्याकडं पूर्वी चाचे यायचे. लई त्रास दिला." तिथले कोळी आपापलं घर वेगळ्या रंगात रंगवतात, होडीतून ओळखू यावं म्हणून, हे वाचल्यापासून मात्र ते अस्वस्थ असत.

"त्या बोळाच्या खुणेवर एखादा होडी आणत आसंल की. टॉवेल बघून चुकला मंजी?"

"टॉवेल बघून होडी चालवतंय का कोण?" मामी विचारत.

निवृत्त झाल्यावर मामांनी स्वतःचं घर गुलाबी रंगवलं. "खोटं नको. कुटं तरी आसू दे," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांची भाची नर्स म्हणून त्या देशात गेली. मामांनी तिला एकच काम सांगितलं.

"बोळ बघून ये. आन् माफी माग."

"काय म्हणू, मामा? घर चुकून आलं म्हणू?"

"पन्ह्याचं सांग. समजतंय त्यांना."

गेल्या रविवारी तिचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. बेकरीवाल्या बाईंनी माफी ऐकून घेतली होती. पर्यटक हातात टॉवेल घेऊन गुलाबी घर शोधत येतात, असं त्या म्हणाल्या. दरवेळी नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी एक सोय केली आहे.

पाठोपाठ फोटो आला. चर्च, बेकरी, मध्ये अरुंद बोळ. बोळात आडवी दोरी, दोरीवर उन्हानं विटलेला टॉवेल.

मामांनी चष्मा पुसला. बोटांनी फोटो मोठा केला आणि टॉवेलवरची घरं मोजली.

अकरा होती.