सरांच्या घड्याळातला मुहूर्त

माझा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला लागला आणि पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला साडी, माझ्या सासूबाईंना टॉर्च आणि आमच्या ह्यांना स्वित्झर्लंडचं घड्याळ आणलं. साडी मी दोन-तीनदा नेसले. टॉर्च सासूबाईंच्या उशाशी गेला. घड्याळाने मात्र आमच्या घरात जे स्थान मिळवलं, ते मला इतक्या वर्षांच्या संसारातही मिळालं नव्हतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा काष्टीला राहत होतो. हे तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावात घड्याळं काही कमी नव्हती. बाजाराच्या दिवशी बैलांचा सौदा करणाऱ्या हातांवरसुद्धा असायची. पण हे घड्याळ वेगळंच होतं. नाण्यासारखं पातळ, सोनेरी कडा, पांढरी तबकडी आणि तिच्यावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा. सेकंदकाटाही नव्हता.

"बसवायला विसरले वाटतं," मी म्हटलं.

"मोठी माणसं सेकंद मोजत नाहीत," हे म्हणाले.

आम्ही दोघं मिळून जे कमवत होतो त्यात आम्ही बसभाडंसुद्धा मोजून द्यायचो. पण पाहुण्यासमोर ते बोलायची सोय नव्हती.

पट्टा मगरीच्या कातड्याचा आहे असं भावाने कौतुकाने सांगितलं आणि सासूबाई मागे सरकल्या. "मगर म्हंजी गंगामाईचं वाहन न्हवं का? तिचं कातडं मनगटाला बांधतूस व्हय रं?" त्यांनी त्याच दिवशी फर्मान काढलं की ते देवघरात यायचं नाही आणि स्वैपाकघरातही यायचं नाही. त्यामुळे जेवताना घड्याळ बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या टेबलावर ठेवलं जायचं. पण घड्याळाबरोबर सहा भाषांमधली एक माहितीपुस्तिका आली होती आणि तिच्यात लोहचुंबकाशेजारी घड्याळ ठेवू नये असं छापलेलं होतं. टीव्हीच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, हे विज्ञानाच्या सरांकडून कळल्यावर घड्याळाला खिडकीत हलवलं. खिडकीत ऊन यायचं, आणि ऊनही चालत नाही असं लिहिलेलं. शेवटी कपाटात माझ्या साड्यांचा एक कप्पा रिकामा झाला.

ती पुस्तिका ह्यांनी पोथीसारखी वाचली. पाणी नको, घाम नको, अत्तर नको. 'वॉटर रेझिस्टंट' असं घड्याळाच्या पाठीवर कोरलेलं होतं, पण 'रेझिस्टंट' आणि 'प्रूफ' यांत फरक काय, हे त्यांनी दहावीच्या वर्गाला अख्खा तास घेऊन समजावलं. डावा हात फळ्याजवळ न्यायचा नाही, खडूची भुकटी उडते म्हणून फळाही दुसऱ्या कुणी पुसायचा. हात धुताना घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवायचे आणि धुऊन होईपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे.

कामासाठी श्रीगोंद्याला जाताना सकाळची एसटी उशिरा आली की हे मनगट कंडक्टरच्या नाकासमोर धरायचे. "बघा, किती वाजले बघा!"

कंडक्टर वाकून बघायचा. "लई भारी हाय, सर. कुठनं आनलं?" मग श्रीगोंदा येईपर्यंत मस्कतच्या गप्पा.

घड्याळाची खरी कीर्ती झाली ती लग्नांत. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेवर मुहूर्त अगदी काटेकोर छापलेला असतो, बारा वाजून पस्तीस मिनिटे वगैरे. त्या मिनिटाला नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर बसलेला असतो आणि पुढे त्याचे मित्र बँडवर नाचत असतात. सगळ्यांना ते माहीत असतं. तरी एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "सरांचं फॉरेनचं घड्याळ हाय, त्यांनाच इचारा बराबर टाइम." तेव्हापासून ह्यांना बोलावणं यायचं तेच मुळी 'घड्याळासकट या' असं. लोहचुंबकाच्या भीतीने हे मांडवातल्या कर्ण्यांपासून लांब, एखाद्या झाडाखाली उभे राहायचे. मग वेळ विचारायला मांडवातून माणूस पाठवावा लागायचा. त्यामुळे कामाला आणखीच वजन आलं. "पंचवीस मिनिटं उशीर," हे परीक्षेच्या हॉलमध्ये सांगावं तसं सांगायचे. माणूस परत जाऊन तेच मांडवात सांगायचा. मांडवातले लोक मान हलवायचे आणि पुन्हा गप्पांना लागायचे.

अशाच एका उन्हाळ्यात गावातल्या लिंबाच्या एका बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. मुलीकडचं सगळं वेळेवर तयार होतं. मुलगी बाशिंग बांधून बसलेली, अंतरपाट घडी करून ठेवलेला. नवरदेवाची मिरवणूक मात्र देवळापासून हलेना. बागायतदार चिडून मांडवात येरझाऱ्या घालत होते. लग्न लावायला आलेले भटजीकाका त्यांच्याहून जास्त चिडले होते, कारण त्यांना शेजारच्या गावात दुसरं लग्न लावायचं होतं. ऊन कलायला लागलं तेव्हा एकदाची मिरवणूक आली. बागायतदार आता नवऱ्यामुलाच्या वडिलांना चांगलंच सुनावणार, म्हणून सगळे मांडवाच्या दाराशी जमले.

व्याही हुशार होते. पाय ठेवल्याबरोबर त्यांनी हाळी दिली, "आहो सर, टाइम काय झाला?"

हे आज कडुनिंबाच्या झाडाखाली होते. त्यांनी बाही सावकाश वर केली, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते.

"बारा एकतीस," हे म्हणाले. "चार मिनिटं बाकी आहेत."

माझी खात्री आहे, त्या मांडवात शंभरेक तरी घड्याळं असतील. एकानेही आपल्या मनगटाकडे बघितलं नाही. बागायतदारांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग व्याही हसले. "ऐकलं का? सरांच्या घड्याळात टाइम हाय अजून. उगंच घाई करताय तुमी लोकं."

सगळ्यात आधी सावरले ते भटजीकाका. "चला चला, मुहूर्त गाठायचाय! मुलीला आणा," असं म्हणत त्यांनी अंतरपाट झटकला आणि मंगलाष्टका सुरू केल्या. भांडण झालं नाही. रुसवाफुगवी झाली नाही. आमच्या गावात मुहूर्तावर लागलेलं ते पहिलं लग्न, असं लोक अजून सांगतात.

पंगतीत मी ह्यांच्या शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "अहो, ते बंद पडलंय."

"मला माहीत आहे," हे भाताकडे बघत म्हणाले.

"केव्हा कळलं?"

"सांगून झाल्यावर. पण मी खोटं बोललो नाही. जे दिसलं ते सांगितलं."

घरी आल्यावर घड्याळ कानाला लावून झालं, हलवून झालं, पुस्तिका पुन्हा वाचून झाली. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून मस्कतला फोन लावला. पलीकडून भाऊ हसत होता. "दाजी, सेल गेला असेल. सेल बदला."

ह्यांना ते अपमानास्पद वाटलं. "सेल टॉर्चचा जातो," ते मला म्हणाले. "हे स्विस आहे."

तरी आम्ही नगरला गेलो. कापड बाजारातल्या मोठ्या दुकानात मालकाने घड्याळ उलटं करून बघितलं आणि पाठ उघडायला सुरी घेतली. ह्यांनी घड्याळ त्याच्या हातातून काढूनच घेतलं. "तुम्हाला अधिकृत परवानगी आहे का हे उघडायची?"

"साहेब, नुसता सेल टाकायचाय."

"मी विचारलं, परवानगी आहे का?"

दुकानदाराने सुरी खाली ठेवली आणि आमच्यामागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. आम्ही बाहेर आलो. रसवंतीवर उसाचा रस पिताना मी हसले म्हणून हे येताना बसमध्ये माझ्याशी बोलले नाहीत. घड्याळ रजिस्टर पार्सलने मुंबईला कंपनीच्या केंद्रात गेलं.

मग गावाला एक नवीन विषय मिळाला. घड्याळ दुरुस्तीला गेलंय असं कुणी म्हटलेलं ह्यांना चालायचं नाही. "सर्व्हिसिंगला गेलंय," ते सांगायचे. आमच्याकडे तोवर सर्व्हिसिंग फक्त ट्रॅक्टरचं आणि जीपचं व्हायचं. लोक शाळेच्या वाटेवर थांबवून चौकशी करायचे, "सर, काय म्हणतंय घड्याळ? कवा येतंय?" जशी काही कुणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीये. डाव्या मनगटावर घड्याळाच्या आकाराचा गोरा डाग राहिला होता. हे तो डागही बाहीने झाकून घ्यायचे, आणि वेळ बघायची झाली की सवयीने बाही वर करून त्या डागाकडेच बघायचे.

पावसाळा संपत आला तेव्हा पार्सल आलं. मखमली पिशवी, आत घड्याळ आणि एक छापील चिठ्ठी. सेल बदलला, बाकी सर्व ठीक. नगरच्या दुकानदाराने तेच काम आमचा रस पिऊन होण्याआधी केलं असतं. मी काहीच म्हणाले नाही. पण माझ्या काही न म्हणण्याचाही ह्यांना राग आला.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. पहिल्याच लग्नात नवरदेव नेहमीप्रमाणे उशिरा आला, आणि मुलाच्या चुलत्यांनी मोठ्या विश्वासाने हाळी दिली, "सर, टाइम?"

हे खुशीत होते. घड्याळ चालत होतं. "दोन वाजून दहा," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "दीड तास उशीर आहे."

मग जे व्हायचं ते झालं. मुलीचे मामा नवरदेवाच्या चुलत्यांना बोलले, चुलते मांडवातून उठून जीपमध्ये जाऊन बसले, त्यांना समजावून आणेपर्यंत भात गार झाला. आणि सगळे रागवले ते ह्यांच्यावर. "मागल्या टायमाला कसं बराबर हुतं!" एक म्हातारे ओट्यावर बसून म्हणत होते. "मुंबईवाल्यांनी मशीन बदललं बघा. आतलं भारी मशीन काढून घेतलं आन् साधं बसवलं." संध्याकाळपर्यंत गावाचं त्यावर एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी भटजीकाका घरी चहाला आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सर, त्या घड्याळाला बाजूला चावी असते ना? वेळ लावायची? ती ओढून ठेवली की काटे थांबतात."

"मग?"

"मग काही नाही. मुहूर्ताच्या आधी पाच मिनिटं ओढून ठेवायची. लग्न लागलं की दाबायची. कुणाचं काही जात नाही, सगळ्यांचं भलं होतं. शिवाय सेल वाचतो."

हे ताडकन उठले. "काका, मी शिक्षक आहे. मुलांना खरं बोलायला शिकवतो मी."

"लग्नात कोण मुलं शिकवायला जातं?" असं म्हणून काकांनी बशीतला चहा संपवला आणि निघून गेले. त्यानंतर ह्यांना लग्नाची पत्रिका यायची, पण माणूस पाठवून घड्याळासकट बोलावणं बंद झालं. हे झाडाखाली उभे राहायचे आणि कुणीच वेळ विचारायला यायचं नाही. मला त्यांची दया यायची, आणि थोडं बरंही वाटायचं.

पुढच्या वैशाखात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, श्रीरामपूरला. नणंदेचे यजमान आदल्या वर्षीच वारले होते, त्यामुळे मामा म्हणून सगळं ह्यांच्यावर. मुहूर्त गोरज होता. नवऱ्या मुलाचं वऱ्हाड पाथर्डीच्या पुढून जीपगाड्या करून येणार होतं. दिवस कलला, गाई गोठ्यात गेल्या, तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. वाटेत एका जीपचं चाक बसल्याचा निरोप आला. मंडपात कुजबुज सुरू झाली. बाप नसलेल्या मुलीचं लग्न, मुहूर्त टळला, आता काय काय ऐकावं लागेल. नणंद आतल्या खोलीत पदर तोंडात धरून बसली होती. तिने ह्यांना हाक मारली.

"दादा, टळला का रे मुहूर्त?"

हे दारात उभे होते. बाहेर मंडपातले दिवे लागलेले स्पष्ट दिसत होते. मी त्यांच्या मागेच होते म्हणून मला दिसलं. त्यांनी उजव्या हाताच्या नखाने घड्याळाची चावी बाहेर ओढली, काटे मागे फिरवले आणि मग बाही वर केली.

"अजून दहा मिनिटं आहेत गं. रडू नकोस. हे घड्याळ कधी चुकत नाही."

नणंदेने डोळे पुसले. तिला बाहेरचा अंधार दिसत नव्हता असं नाही. वऱ्हाड आलं तेव्हा ह्यांनी नवरानवरीसाठी मांडलेल्या सोफ्यावर चढून, कर्ण्याच्या अगदी शेजारी उभं राहून, माइकवर जाहीर केलं, "पाहुणे मंडळी वेळेत पोचली आहेत. मुहूर्ताला पाच मिनिटं आहेत." पाथर्डीकडच्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातले एक आजोबा म्हणाले, "व्हय व्हय, येळंवर आलोत," आणि सगळे भराभर अक्षता घ्यायला पुढे झाले.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसून बाहेर बघत होते. राहुरी मागे पडल्यावर म्हणाले, "काका म्हणाले ते खरं आहे. सेल वाचतो."

पुढे आमची बदली झाली, नवीन गावात कुणी घड्याळाचं नाव काढलं नाही, आणि ह्यांनीही ते फारसं घातलं नाही. भाची सुखात आहे, तिची मुलं आता कॉलेजात आहेत. तिचं लग्न नक्की किती वाजता लागलं, हे तिला आम्ही कधी सांगितलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही.