फिलूने चिकटवलेली गोधडी

रोशनीचा फोन आला तेव्हा मी मनवेलपाड्याच्या घरात गॅलरीतल्या कुंड्या हलवत होते. "शैला मावशी, मम्मी गेली. चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच…" पुढचं तिला बोलवेना. मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा कुंड्याच हलवायला लागले. इकडची तिकडे, तिकडची इकडे. रिक्षा नंदाखालला त्यांच्या घरी पोचली तरी हाताची माती तशीच होती. त्याला आता काही आठवडे झाले, पण जीव थाऱ्यावर नाही. वाचायला बसले की उठते, आणि उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही.

फिलूचं, म्हणजे रोशनीच्या मम्मीचं, आमच्या फिलोमिना टीचरचं, जन्मभर असंच होतं. तिला एका जागी बसवतच नसे. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी मराठी. वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या, आणि स्टाफरूममध्ये डबासुद्धा ती उभ्यानेच खायची. निवृत्त झाल्यावर तिनं गोधड्या करायला घेतल्या तेव्हा मला हसूच आलं होतं. पण तिनं त्यातही आपली रीत काढली. पडवीत जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, ते सरकू नयेत म्हणून गुडघ्यांवर रांगत कच्चे टाके घालायचे, मध्येच उठून केळींना पाणी सोडून यायचं, परत रांगायचं. पक्की शिलाई मात्र मशीनवर. मी गेले की दुसऱ्या टोकाकडून टाके घालत यायचे, आणि मध्यावर गाठ पडली की चहा.

मग तिचा उजवा हात कापायला लागला. आधी तिनं ते लपवलं. कपबशी सोडून पेला घेऊ लागली. "चष्म्याचा नंबर वाढलाय गं," म्हणून सुईत दोरा मला ओवायला लावू लागली. एकदा मी अस्तर उलटं केलं तर पांढऱ्या कापडावर रक्ताचे बारीक ठिपके… डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा बरा होणारा नाही हेही सांगितलं. त्याच सुमारास रोशनीला दिवस गेले होते.

"बाप्तिस्म्याला बाळ माझ्या गोधडीत जाणार," फिलू म्हणाली.

"टाके मी घालते ना," मी म्हणाले.

"मग ती तुझी गोधडी. माझी कशी?"

मशीनवर तिचं तसं अडत नव्हतं. दोन्ही तळवे कापडावर दाबून ठेवले की कंप कमी व्हायचा. अडायचं ते कच्च्या टाक्यांपाशी. तेवढ्यात रोशनीनं तिला मोबाइलवर कुणा परदेशी बाईचा व्हिडिओ दाखवला. ती बाई टाके न घालता गोधडीचे थर चक्क चिकटवत होती. दुसऱ्याच दिवशी फिलूनं घरातला सुताराचा डिंक एका तुकड्यावर ओतला. तो पापडासारखा कडक झाला आणि मशीनची सुई मोडली. हे मला फोनवर सांगताना ती इतकी हसत होती, की मी घाबरले. पण ती थांबली नाही. आगाशीच्या स्टेशनरीच्या दुकानातून तिनं लहान मुलांचा पांढरा गम आणला, धुतल्यावर निघणारा. तुकडे चिकटवले, इस्त्री फिरवली, शिवले, धुतले, वाळत टाकले. तुकडा मऊच्या मऊ! तिनं तो माझ्या गालाला लावला.

"फिलू, पण गोधडी कधी कुणी चिकटवतं का?"

"गम काय जन्मभर राहतोय? मुलांना आपण पेन्सिलनं रेघ मारून द्यायचो ना वहीत, तशी ही रेघ. शिवून झालं की पुसायची."

नात झाली. फिलू मांडीवर उशी घेऊन, उशीवर तिला ठेवून बसायची. हाताचा भरवसा नव्हता. बाळ झोपलं की गोधडीकडे. थर चिकटवून झाले, वर इस्त्री झाली, कडेची पट्टीही दुमडून जवळजवळ सगळी चिकटली. शिलाईला बसणार, एवढ्यात ती गेली.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी गेले तर राजोडीहून आलेली तिची नणंद मागच्या अंगणात घरातलं सगळं धुणं घेऊन बसलेली. गोधडी बादलीत निम्मी उतरली होती. मी धावत जाऊन ती ओढली.

"अगं, घरातलं सगलं धुवून काढायचं ना? म्हनून पान्यात घातली," ती बिचारी गोंधळली.

"तिच्यात टाका नाही हो एकही! नुसती चिकटवलीय!" मी ओरडलेच. भिजलेले थर माझ्या हातातच सुटत होते. रोशनी आतून आली, ते पाहिलं, आणि इतके दिवस न रडलेली पोर तिथेच खाली बसून रडली.

भिजलेला भाग वाळवून आम्ही दोघींनी नव्यानं चिकटवला. मग मी फिलूच्या मशीनवर बसले. कोरड्या भागावरून हात फिरवला की वाळलेल्या गमच्या रेघा बोटांना लागत. सरळ एकही नव्हती. सगळ्या नागमोडी, थरथरत गेलेल्या. शिवताना मी सारखी उठत होते, पाणी पीत होते, परत बसत होते. शिवून झाली तरी आम्ही दोघी ती धुवायचं नाव काढेना. "नको ना मावशी, इतक्यात," रोशनी म्हणायची, आणि मीही लगेच मान डोलवायचे.

गेल्या रविवारी बाळाला सहज गोधडीवर निजवलं. बाळानं ती ओली केली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हसायलाच लागलो. किती दिवसांनी हसलो ते… मग बादली भरली. पाणी दुधाळ झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं, तेही हळूहळू निवळलं.

दोन माडांमध्ये बांधलेल्या दोरीवर ती संध्याकाळपर्यंत वाळली. मी सगळीकडून हात फिरवला. कुठे रेघ लागेना. एका कोपऱ्यात मात्र, जिथे फिलूचा हात थरथरून गम जास्तच सांडला होता, पट्टी अजून ताठ होती.

"तेवढा कोपरा परत धुवायला लागेल," रोशनी म्हणाली.

"लागेल," मी म्हणाले.

आणि कोपऱ्यावर हात ठेवून दोघी तशाच उभ्या राहिलो.